पाच मिनिटांवर स्टेशन

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक जागेवर येत नाही. 2003 साली दादरला लॅब सुरू केली, 2022 साली हलवली. मधल्या एकोणीस वर्षांत लॅबचा जिना चढलेले डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यातले दोघं पावसात अडकले म्हणून चहाला आले होते. तरी जागा बदलायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यात आधी विचार केला तो डॉक्टरांचाच.

आमची डेंटल लॅब आहे. दाताला कॅप बसवतात ती डॉक्टर बनवत नाहीत, आमच्यासारखे लोक बनवतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते डब्यातून आमच्याकडे येतं, त्यात प्लास्टर ओतून आम्ही मॉडेल काढतो, मॉडेलवर मेणाचा दात घडवतो, मेणाच्या जागी धातू ओततो, धातूवर पोर्सेलिन चढवून भट्टीत भाजतो, आणि चार-पाच दिवसांनी कॅप त्याच डब्यातून परत जाते. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात आम्हाला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलंय. लग्न ठरताना सासूबाईंनी हा शब्द ऐकला आणि बराच काळ त्यांची समजूत होती की सून गॅरेजात काम करते.

डबे नेणारी-आणणारी तीन मुलं आणि एक काका. पाठीवर सॅक, खिशात रेल्वेचा पास. आमचा सगळा धंदा त्या पासवर चालतो. म्हणून दादर. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही हाताशी, एक मुलगा बोरिवलीकडे सुटला की दुसरा मुलुंडकडे. दादरची किंमत आम्हाला कधी कळलीच नव्हती, कारण ती भाड्यात नव्हती. पागडीची जागा, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली, महिन्याचं भाडं सांगितलं तर हसाल. लाकडी जिना, पोटमाळा, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी, जे दर पावसाळ्यात 'तुमच्या प्लास्टरने आमचा पाइप तुंबला' म्हणून वर यायचे. ते खरंही होतं. प्लास्टर पाण्यातसुद्धा घट्ट बसतं, त्याला पाइप आणि दात यातला फरक कळत नाही.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, त्यामुळे बिल्डर नव्या टॉवरमध्ये तेवढीच जागा देणार, तोवर भाडं देणार. कागद बरे होते. पण काचेच्या टॉवरमध्ये भट्टी आणि ग्राइंडिंगची धूळ कोण चालवून घेणार? आणि टॉवर उभा राहीपर्यंत लॅब काही बंद ठेवता येत नाही. तेव्हा उपनगर.

'उपनगर' शब्द ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मुंबईबाहेर जाणार तुम्ही?" दादरकरांचा हा एक खास आजार आहे, आणि मी लग्नाने दादरकर झालेली असल्यामुळे मला तो थोडा उशिरा पण झालाच. खरं तर दादर हेच एकेकाळचं उपनगर. 1896 ला प्लेग आला, गिरगाव-मांडवीच्या कोंदट वस्तीत माणसं पटापट मेली, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या शेताडीत सरळ रस्ते आखून प्लॉट पाडले. तेव्हा गिरगावातून दादरला जाणाऱ्याला लोक 'इतक्या लांब?' असंच विचारत असणार. पुढे 1950 आणि 1957 मध्ये महापालिकेची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली, 1990 ला उपनगर जिल्हा वेगळा झाला. पण दादरकराच्या डोक्यातली हद्द अजून माहीम-सायनलाच आहे. तशी ती काही बाबतींत खरीही आहे म्हणा. बेस्टची वीज तिथपर्यंतच. उपकरप्राप्त इमारतींचा कायदाही तिथपर्यंतच.

मी फ्रिजवर मुंबईचा नकाशा लावला आणि सगळ्या दवाखान्यांवर टिकल्या चिकटवल्या. लाल टिकल्या नियमित काम देणाऱ्यांच्या, हिरव्या अधूनमधून देणाऱ्यांच्या. टिकल्यांचे दोन पट्टे झाले, दोन रेल्वेलाइन जशा जातात तसे, मध्ये मोठी रिकामी जागा: विमानतळ, पवई, आरे. नकाशा पाहून वाटलं की जागा ठरवणं म्हणजे यातला एक पट्टा निवडणं. वेस्टर्न की सेंट्रल? मुंबईत या प्रश्नावर सोयरिकी मोडल्यात.

नवऱ्याचं मत सरळ होतं: वसई. पूर्वेला गाळेच गाळे, भाडं निम्म्याहून कमी, नवीन बांधकाम, थ्री-फेज वीज तयार. गेलो बघायला. गाळा खरंच देखणा होता. पण हायवेला टेम्पोंच्या रांगेत उभं राहिल्यावर लक्षात आलं की ही सगळी व्यवस्था टेम्पोसाठी आहे. मुंबईच्या वेशीबाहेर कारखाने आणि गोदामं का फोफावली, याला जमिनीच्या भावाबरोबर जकातही कारण होती. माल नाक्यातून आत आणला की जकात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गाळे ज्या हिशेबाने बांधले तो हिशेब तसाच राहिला: मोठा शटर, ट्रक लागेल असा ओटा, लोडिंग लिफ्ट. आमचा महिन्याचा माल एका ट्रंकेत मावेल. ट्रकच्या ओट्याचं भाडं मी का भरू?

ठाण्याचं वागळे इस्टेटही पाहिलं. एमआयडीसीची सुरुवात तिथली, 1962 ची. मोठी झाडं, रुंद रस्ते. नवरा गप्प राहिला म्हणजे त्याला आवडलं होतं. पण तिथून स्टेशनपर्यंत रिक्षाच्या रांगेत उभं राहून पाहिलं आणि मीही गप्प झाले.

इथे ब्रोकर नावाच्या माणसाबद्दल दोन शब्द. तीन महिन्यांत मी नऊ ब्रोकर पाहिले आणि नऊही जणांच्या जागा स्टेशनपासून पाच मिनिटांवर होत्या. ब्रोकरचं मिनिट हे वेगळं माप आहे, जसा त्यांचा चौरस फूट वेगळा असतो. "सहाशेचा गाळा आहे, मॅडम." "कार्पेट किती?" मग थोडा खोकला, मग "चारशेच्या आसपास". मधले दोनशे फूट जिन्यात, लिफ्टमध्ये आणि वॉचमनच्या खुर्चीखाली गेलेले असतात, त्याला लोडिंग म्हणतात. मी सगळ्यांना एकच अट घालायचे: उत्तरेला मोठी खिडकी हवी. "वास्तूसाठी का?" प्रत्येकाने विचारलं. एकाने तर ईशान्येचा गाळा सुचवला, जास्त शुभ म्हणून.

वास्तूसाठी नाही, शेडसाठी. दातांच्या रंगाची पट्टी असते, त्यात सोळा शेड. ए-टू आणि ए-थ्री यातला फरक पिवळ्या दिव्यात दिसत नाही आणि थेट उन्हातही दिसत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. आमचे सिरॅमिस्ट, ज्यांना सगळी लॅब मामा म्हणते, दादरला खिडकीपाशी बसायचे. एका हातात कॅप, दुसऱ्या हातात ब्रश. पोर्सेलिनची पूड पाण्यात कालवून ब्रशने थर चढवायचे, टोकाकडे थोडा पारदर्शक थर, कारण खऱ्या दाताचं टोक किंचित निळसर दिसतं. प्रत्येक थरानंतर टिश्यूने पाणी टिपायचं, नाहीतर भट्टीत बुडबुडा येतो. मग साधारण नऊशे अंशांवर भाजायचं, बाहेर काढायचं, खिडकीशी धरायचं, मान हलवायची, परत थर. हे सगळं तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या वस्तूवर.

जागा शोधायचं हे प्रकरण मामा बरेच दिवस नुसतं ऐकत होते. मी साकीनाक्याचा एक गाळा पाहून आले होते, तळमजला, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी. कारण समोरच्या चहावाल्याने सांगितलं. मी त्याला विचारलं, "2005 ला पाणी कुठवर होतं?" त्याने काही न बोलता गाळ्याच्या शटरकडे बोट केलं, खालून वर नेत नेत ते कुलपाच्याही वर थांबवलं, मग थोडा विचार करून आणखी वर नेलं. 26 जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला होता. मिठी नदी विहार-पवईच्या तलावांकडून येते ती याच भागातून कुर्ला-कलिन्याकडे जाते. मला आमचे काका आठवले. त्या दिवशी ते डबे घेऊन कुर्ल्यात अडकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दादरला आले, सॅक डोक्यावर बांधलेली. सगळी मापं कोरडी होती. काका नव्हते.

हे सगळं लॅबमध्ये सांगत होते तर मामांनी ब्रश खाली ठेवला. "ताई, डॉक्टरांचं राहू द्या. मी किती वाजता निघायचं ते सांगा."

मामा बदलापूरला राहतात. चांगला सिरॅमिस्ट मिळणं किती कठीण, हे लॅब चालवणाऱ्यांना विचारा. गेली काही वर्षं तरुण डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन पाठवतात, माप डब्यातून येतच नाही, ईमेलने येतं. कॉम्प्युटरवर डिझाइन होतं, मशीन झिर्कोनिया नावाचं पांढरं सिरॅमिक कापतं, ते दीड हजार अंशांवर भट्टीत रात्रभर शिजतं. त्यामुळे सगळे म्हणतात, आता लॅब कुठेही चालेल. चालेल की. पण समोरच्या दाताचा शेवटचा थर अजून माणसाच्या हाताने चढतो, आणि तो हात बदलापूरहून लोकलने येतो. मामाच एकदा सहज बोलून गेले होते की उभ्याने, दबून आलेल्या दिवशी पहिला तास ते समोरच्या दाताला हात लावत नाहीत, मागच्या दाढा करतात. हात थरथरतो. मी एकोणीस वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांची पद्धत आहे.

त्या रात्री मी फ्रिजवरच्या टिकल्या काढल्या आणि दुसऱ्या लावल्या. माणसांच्या. मामा बदलापूर. मेणकाम करणारी ताई नालासोपारा. धातू ओतणारा, कास्टिंगचा मुलगा कळवा. काका भांडुप. डिझाइनवाला जोगेश्वरी. एक मुलगा गोवंडी, हार्बर लाइनचा. पुन्हा दोन पट्टेच झाले, पण आता मधल्या रिकाम्या जागेत मला एक आडवी रेघ दिसायला लागली. 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली होती. साडेअकरा किलोमीटरच्या आत, बारा स्टेशनं. दीडशे वर्षांहून जास्त काळ या शहरात रुळांवरून फक्त वर-खाली जाता यायचं, डावी-उजवीकडे जायचं तर बस आणि नशीब. 1853 पासूनच्या या शहराच्या आखणीत दादरचा सगळा थाट होता तो त्यामुळेच, तिथे दोन लाइन भेटत होत्या. आता त्या आणखी एका ठिकाणी भेटत होत्या, फक्त मध्ये मेट्रोचं अंतर ठेवून.

मग मी एक प्रयोग केला. नवऱ्याने याला नाटक म्हटलं. एका सोमवारी सकाळी कळव्याला गेले आणि कास्टिंगच्या मुलाबरोबर घाटकोपरपर्यंत आले. त्याच गुरुवारी नालासोपाऱ्याहून ताईबरोबर अंधेरीपर्यंत. लेडीज डब्यात तिने मला दारापासून आत कसं सरकायचं, कुठे वळायचं, अंधेरी यायच्या किती आधी हलायला लागायचं हे शिकवलं. तिसरं स्टेशन येईपर्यंत आतल्या बायकांना कळलं होतं की ही नवीन आहे आणि त्या माझ्या वतीने इतरांशी भांडायला लागल्या होत्या. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या फलाटावर जायला, पुलावरच्या गर्दीत, ब्रोकरच्या मिनिटांनी दोन आणि माझ्या घड्याळाने चौदा मिनिटं लागली. तरी बदलापूर-कळव्याकडून येणाऱ्याचा घाटकोपर ते दादर हा सगळ्यात दाटीचा टप्पा वाचत होता. आणि भांडुपच्या काकांचाही.

मरोळला गाळा मिळाला. दुसऱ्या मजल्यावर, 480 कार्पेट, उत्तरेला खिडकी. खिडकीतून गावठाणाकडचा एक क्रॉस दिसतो, ताज्या झेंडूचा हार घातलेला. मरोळ नाक्याच्या स्टेशनपासून चालत अकरा मिनिटं. मी तीनदा चालून पाहिलं. जुन्या इस्टेटचा गाळा आहे, जिन्याला तेलाचा वास आहे, शेजारी कोणी स्प्रिंगा बनवतो आणि कोणी अत्तराच्या बाटल्यांना लेबलं लावतो. धुळीबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण प्रत्येकाची आपापली धूळ आहे.

मालकाने पाच वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स दिलं. "कशाला रजिस्टर, नोटरी करू," असं म्हणून पाहिलं त्याने. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार रजिस्टर करणं ही जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मी त्याला गोडीत सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं आणि रजिस्टर केलं. मुद्रांक म्हणाल तर एकूण भाड्यावर, आणि डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर, पाव टक्का. इतक्या पैशासाठी लोक पाच वर्षं जीव टांगणीला का लावतात कोण जाणे. बाकी जीएसटीचा पत्ता बदलणं, सोसायटीची एनओसी, मराठी पाटी, हे सगळं होतंच, ते सगळ्यांना होतं.

प्लास्टरसाठी मात्र मी पदरमोड करून सिंकखाली तीन कप्प्यांची टाकी बसवली. पाणी एकातून दुसऱ्यात जातं, प्लास्टर तळाशी बसतं, शनिवारी खरवडून काढतो. दादरच्या खालच्या शेजाऱ्यांना हे फोन करून सांगावंसं वाटलं होतं.

दिवाळीनंतर हललो. पहिल्याच आठवड्यात पोरांनी एकत्र येऊन सांगितलं, रेल्वेचा पास ठीक, पण मेट्रोचं तिकीट वेगळं पडतंय. दहा ते चाळीस रुपयांचे टप्पे, रोज दोनदा, महिन्याचा हिशेब करा. नवऱ्याने केला. दादर सोडल्यापासून भाडं भरायला लागलो होतो, त्यात ही भर. वसईचा गाळा त्याच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. मेट्रोचे पैसे लॅब देते.

मामा हल्ली साडेनऊला समोरचा दात हातात घेतात. मी पाहते, आता मला पाहता येतं.

पण एक माणूस माझ्या नकाशावर नव्हतंच. पॉलिशिंग करणारी मावशी. प्रभादेवीच्या चाळीतली, आमच्याकडे बारा वर्षं. तिच्या हातून गेलेल्या धातूत तोंड दिसायचं. तिची टिकली मी लावली नव्हती, कारण मी स्टेशनं लावत होते आणि तिला स्टेशन नव्हतं. ती चालत यायची. सकाळी पंधरा मिनिटं, आणि दुपारी एकला पुन्हा घरी, शाळेतून आलेल्या नातवाला वाढून, दोनला परत. हे मला माहीत होतं. रोज एकला तिचा ग्राइंडर थांबायचा, मी आवाजावरून जेवणाची वेळ ओळखायची. पण नकाशावर बसताना डोळ्यांसमोर आली ती गर्दीत लटकणारी माणसं. जी कधी लटकली नाही तिचा त्रास कल्पनेतच आला नाही.

मरोळला ती चार महिने आली. प्रभादेवी ते अंधेरी, अंधेरी ते मरोळ, शिवाय अकरा मिनिटं. नातवाला शेजारीण वाढत होती. मार्चमध्ये तिने सांगितलं की आता नाही जमत, आणि जाताना ब्रश, बफ, सगळं धुऊन फडक्यावर मांडून गेली. आम्ही तिला थांबवायला जे जे म्हणायचं ते म्हटलं, पगारासकट. ती ऐकून घ्यायची तशी ऐकून घेतलं तिने.

ऑक्टोबर 2024 ला भुयारी मेट्रो आरे ते बीकेसी सुरू झाली आणि मरोळ नाक्याला दोन मेट्रो भेटायला लागल्या. मे 2025 ला ती आणखी पुढे गेली: धारावी, शीतलादेवी, दादर, सिद्धिविनायक, वरळी. आमचे काका पहिल्याच आठवड्यात मरोळहून थेट दादरला जाऊन आले. जुन्या इमारतीच्या जागी खड्डा आहे आणि खड्ड्यात क्रेन, असं सांगितलं त्यांनी. सासूबाईंना मीच घेऊन गेले गाळा दाखवायला. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला, गाडीत मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. वर आल्यावर आजूबाजूला पाहून म्हणाल्या, "एवढंसंच होय गं?"

त्याच संध्याकाळी मी मावशीला फोन लावला. उत्साहात होते. म्हटलं, मावशी, सिद्धिविनायकाला बसलीस की थेट मरोळ, गाडी बदलायची नाही, एसी आहे, तिकीट आम्ही देऊ, खुर्ची तशीच ठेवलीय. ती हसली. नातू आता तिसरीत आहे म्हणाली, भेंडी खात नाही. मग थोडं थांबली.

"येईन गं ताई. पण एक वाजता घरी कशी जाऊ?"